ज्यूरीने कायदाच बाजूला ठेवला तर?

पैलतीर

न्यू जर्सीत राहायला येऊन मला १९ वर्षे झाली आणि नागरिकत्व मिळून ६. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच ज्यूरीच्या कामासाठी न्यायालयाचे बोलावणे आले. खटला अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा होता. निवडीच्या वेळी न्यायाधीशांनी आम्हांला शपथेवर जे प्रश्न विचारले, त्यांतला एक असा होता: या प्रकरणाला लागू होणारा कायदा मी तुम्हांला समजावून सांगेन, तो तुम्हांला स्वतःला पटला नाही, तरी तोच लावून तुम्ही निर्णय द्याल का? मी फारसा विचार न करता होकार दिला. माझ्या शेजारी सत्तरीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. त्या मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की असे वचन मला देता येणार नाही. न्यायाधीशांनी त्यांचे आभार मानले आणि त्यांना मोकळे केले. आवाजात राग नव्हता, उपदेशही नव्हता. पुढे मलाही एका पक्षाच्या वकिलाने वगळले. कारण न देता काही जणांना वगळण्याची मुभा दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे माझे काय खटकले ते कळले नाही.

त्या बाईंचे उत्तर मात्र डोक्यातून जात नाही. घरी येऊन वाचू लागलो तेव्हा ‘ज्यूरी नलिफिकेशन’ हा शब्द भेटला. आरोपीने कृत्य केले आहे अशी खात्री असूनही, तो कायदा किंवा त्या प्रसंगी त्याचा वापर अन्यायाचा वाटतो म्हणून ज्यूरीने ‘निर्दोष’ असा कौल देणे, असा त्याचा अर्थ मला समजला. परंतु हा ज्यूरीचा अधिकार आहे की कायद्यातली पळवाट, हे काही केल्या उलगडत नाही. अधिकार असेल, तर न्यायाधीश तो वापरणार नाही असे आधीच का वदवून घेतात? आणि पळवाट असेल, तर ती इतकी शतके कोणी बुजवली कशी नाही? माझी आई गिरगावात वाढली. तिच्या मते नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने हेच केले आणि म्हणूनच भारतातून ज्यूरी गेली. हे कितपत खरे आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दप्तरदार

मी ३४ वर्षे फौजदारी वकिली केली. ज्यूरीपुढे कधी उभा राहिलो नाही, कारण सनद मिळाली तेव्हा आपल्याकडे ज्यूरी उरली नव्हती. तरीही हा विषय माझ्या आवडीचा आहे.

आपण ‘अधिकार की पळवाट’ असे विचारले आहे. माझ्या मते दोन्ही शब्द थोडे चुकतात. ज्यूरीने कायदा बाजूला ठेवावा असे सांगणारे कलम तुम्हांला सहसा सापडणार नाही. पण ज्यूरीपद्धतीचे इतर काही नियम असे आहेत की ते एकत्र आले म्हणजे ही शक्ती आपोआप तयार होते. ज्यूरी बंद खोलीत विचारविनिमय करते आणि तिथे काय बोलणे झाले हे गुप्त राहते. कौल एक-दोन शब्दांचा असतो, त्यामागची कारणे द्यावी लागत नाहीत. दिलेल्या कौलाबद्दल ज्युररला, म्हणजे ज्यूरीतल्या सदस्याला, शिक्षा करता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘निर्दोष’ हा कौल अखेरचा असतो. अमेरिकेत सरकार त्यावर अपील करू शकत नाही आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याच माणसावर पुन्हा खटला भरू शकत नाही. उलट बाजूला मात्र दार उघडे असते: पुरावा पुरेसा नसताना ज्यूरीने ‘दोषी’ म्हटले, तर न्यायाधीश तो कौल रद्द करू शकतो. म्हणजे ज्यूरीच्या मर्जीला फक्त सुटकेच्या दिशेने पूर्ण मोकळीक आहे.

यांतला शिक्षेचा मुद्दा ज्या प्रकरणात ठरला, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. ऑगस्ट १६७० मध्ये लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना पकडण्यात आले. त्यांच्या प्रार्थनागृहाला सरकारने कुलूप ठोकले होते, म्हणून पेनने रस्त्यावरच प्रवचन केले होते. आरोप बेकायदा जमाव जमवून शांतताभंग केल्याचा होता. ज्यूरीने प्रथम एवढेच सांगितले की पेन ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलला, हे खरे आहे. ‘बेकायदा जमाव’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. न्यायपीठ संतापले, आणि मान्य होईल असा कौल मिळेपर्यंत अन्न, पाणी, शेकोटी व तंबाखू यांवाचून ज्यूरीला कोंडून ठेवण्याचा हुकूम झाला. दोन रात्री तशा काढून बाहेर आलेल्या बाराही जणांनी ‘निर्दोष’ असाच कौल दिला. त्यावर प्रत्येकाला ४० मार्क दंड झाला आणि तो भरेपर्यंत कैद झाली. एडवर्ड बुशेल आणि आणखी तिघांनी दंड भरण्याचे नाकारले व देहोपस्थितीचा (हेबिअस कॉर्पस) अर्ज, म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे तपासण्याची मागणी, केला. मुख्य न्यायमूर्ती जॉन व्हॉन यांनी त्यांना सोडून दिले. त्यांचा युक्तिवाद असा की ज्यूरीने कोणता पुरावा कसा तोलला हे न्यायाधीशाला कळूच शकत नाही, आणि जे कळत नाही त्याबद्दल शिक्षा कशी करणार? कायदा मोडीत काढा, असे व्हॉन कुठेही म्हणाले नव्हते. त्यांनी फक्त शिक्षेची भीती काढून घेतली, आणि तेवढ्याने पुढचे सारे शक्य झाले. या ज्युररांच्या स्मरणार्थ लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एक शिलालेख लावलेला आहे.

कारणे न देण्याचे मोल कळायचे असेल, तर डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे प्रकरण पाहावे. बालसंगोपनावर लिहिणारे म्हणून अनेक घरांत ते माहीत असतील. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला विरोध करण्याचा कट केल्याबद्दल त्यांना दोषी ठरवण्यात आले होते. त्या खटल्यात न्यायाधीशांनी मुख्य कौलाबरोबरच ज्यूरीला दहा वेगवेगळे प्रश्न विचारून त्यांची हो-नाही अशी उत्तरे मागितली होती. १९६९ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्यामागे इतर कारणे होतीच, पण हे दहा प्रश्न हे एक मोठे कारण होते. पायरीपायरीने प्रश्न विचारत गेले की ज्यूरी न्यायाधीशाने आखलेल्या वाटेनेच ‘दोषी’पर्यंत जाते, असे त्या न्यायालयाचे मत पडले. ज्यूरीने कायदा बाजूला ठेवू नये असे म्हणणारी न्यायालयेसुद्धा तिला कारणे विचारायला धजत नाहीत, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पळवाट बुजवली का गेली नाही, याचे उत्तर यातच आहे. ती बुजवायची तर गुप्तता, निर्भयता आणि सुटकेची अंतिमता यांपैकी काहीतरी मोडावे लागेल, आणि प्रामाणिक ज्यूरीचेही संरक्षण नेमके त्याच गोष्टी करतात.

चौकट

दप्तरदार यांनी पाया उत्तम घालून दिला आहे. मी कायद्याची प्राध्यापक आहे आणि नानावटी प्रकरण दरवर्षी वर्गात शिकवते, म्हणून पैलतीर यांच्या आईंच्या म्हणण्याबद्दल लिहिते.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली त्याच दिवशी दिली होती. नानावटींनी पत्नी व मुलांना चित्रपटगृहावर सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले, आहुजांच्या कार्यालयात चौकशी केली आणि मग त्यांचे घर गाठले. बचाव असा होता की झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाने एका साध्या वस्तूकडे बोट दाखवले. आहुजा नुकतेच आंघोळ करून बाहेर आले होते आणि मृतदेहाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता. झटापट झाली असती, तर तो सुटला नसता का? ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे लावून धरली होती आणि शहराची सहानुभूती कोणाकडे आहे हे सर्वांना दिसत होते. नऊ जणांच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा मतांनी ‘निर्दोष’ असा कौल दिला.

पुढे जे घडले, ते इंग्लंड-अमेरिकेत घडूच शकले नसते. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तो कौल मान्य केला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ प्रमाणे, ज्यूरीशी असहमत असलेल्या सत्र न्यायाधीशाला न्यायासाठी आवश्यक वाटल्यास संपूर्ण प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता येत असे, आणि उच्च न्यायालय सारा पुरावा स्वतः तपासून आरोपीला दोषी ठरवू शकत असे. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये नेमके तेच केले: खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दीड वाजता घर सोडल्यापासून चार वीसला गोळ्या झाडेपर्यंत मन थाऱ्यावर यायला पुरेसा वेळ होता, असे निकालपत्रात म्हटले आहे. मेहता यांनी ज्यूरीला कायदा समजावून सांगताना काही महत्त्वाचे मुद्दे सांगितले नाहीत, उदाहरणार्थ अपघाताचा अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो हा मुद्दा, असेही त्यात नोंदवले आहे.

म्हणून माझे उत्तर असे आहे की मुंबईच्या ज्यूरीने बहुधा सहानुभूतीने कौल दिला, पण तिने कायदा निष्प्रभ केला असे म्हणता येत नाही. एक तर अपघाताची बाजू तिला खरीच वाटली असेल; आठ जणांच्या मनात काय होते हे कोणीच सांगू शकत नाही. दुसरे म्हणजे, दप्तरदार यांनी ज्याला सर्वांत महत्त्वाचे म्हटले ती सुटकेची अंतिमता आपल्या सत्र न्यायालयांतील ज्यूरीला कधी मिळालीच नव्हती. परक्या राज्यकर्त्यांनी ज्यूरी आणली, पण ती देशी माणसांच्या हाती देताना कळीचा खिळा स्वतःकडे ठेवला. कित्येक जिल्ह्यांत तर ज्यूरीऐवजी असेसर, म्हणजे न्यायाधीशाला सल्ला देणारे नागरिकच असत आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. या एका खटल्याने ज्यूरी संपली हेही तितकेसे खरे नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे आहुजांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती. राज्याराज्यांतून ती टप्प्याटप्प्याने गेली आणि १९७३ च्या संहितेत तिला जागा उरली नाही.

मराठी वाचकांना टिळकांचे खटले आठवतीलच, आणि या चर्चेत त्यांना वेगळे महत्त्व आहे. हे दोन्ही खटले मुंबई उच्च न्यायालयातच चालले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपियन ज्युररांनी ‘दोषी’ म्हटले आणि तीन हिंदी ज्युररांनी ‘निर्दोष’. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे सात युरोपियन आणि दोन पारशी होते. कौल ७ विरुद्ध २ असा लागला आणि टिळक मंडालेला गेले. एकमताची अट असती, तर दोन्ही वेळा ज्यूरीचा कौलच होऊ शकला नसता. ज्यूरीत कोण बसतो आणि किती मते पुरतात, याच दोन गोष्टींवर एका माणसाची सहा वर्षे ठरली. आज अमेरिकेत गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवायला एकमत लागते, आणि २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते सर्व राज्यांना बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये १९६७ पासून बारापैकी दहा मते पुरतात. एकमत लागते तिथे एकटा ज्युररही कौल अडवू शकतो; पैलतीर यांच्या शेजारच्या बाईंना न्यायाधीशांनी का सोडले असेल, हे यावरून लक्षात येईल.

कृष्णाकाठ

तिघांचेही लेखन मन लावून वाचले. मला यात एक मोठा धोका दिसतो आणि तो बोलल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही असे वाटते.

कायदा बाजूला ठेवणाऱ्या ज्यूरीची उदाहरणे देताना आपण पेन आणि मीड यांच्यासारखे आरोपी निवडतो. पण याची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला नातेवाइकाच्या घरातून रात्री उचलून नेऊन ठार मारण्यात आले. एका गोऱ्या बाईशी तो दुकानात आगळीक करून बोलला, एवढाच ठपका होता. रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मायलम यांच्यावर सप्टेंबरमध्ये समनर गावी खटला चालला. ज्यूरीत बारा गोरे पुरुष होते. त्या मुलाच्या मावशीआजीच्या यजमानांनी, मोझ राइट यांनी, भर न्यायालयात उभे राहून आरोपींकडे बोट दाखवले. त्या काळी त्या गावात कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्यांविरुद्ध असे करणे म्हणजे जिवावर उदार होणे होते, आणि साक्षीनंतर त्यांना ते राज्य सोडावे लागले. ज्यूरी ६७ मिनिटांत ‘निर्दोष’ असा कौल घेऊन परतली. जानेवारी १९५६ मध्ये त्याच दोघांनी पैसे घेऊन ‘लुक’ या नियतकालिकाला आपण हे कसे केले ते सांगितले. सुटका अंतिम असल्यामुळे त्या खुनासाठी त्यांच्यावर पुन्हा खटला भरता आला नाही.

चौकट यांनी कलम ३०७ चा उल्लेख परक्यांनी राखून ठेवलेला खिळा असा केला आहे. इतिहास म्हणून ते मला मान्य आहे. पण असा खिळा मिसिसिपीत असता, तर त्या मुलाच्या आईला न्याय मिळण्याची थोडी तरी शक्यता राहिली असती. आपल्या गावांत जातीवरून झालेल्या हत्येचा खटला त्याच गावातल्या बारा जणांपुढे चालला असता तर काय झाले असते, हा विचार मी सोडू शकत नाही.

दप्तरदार

कृष्णाकाठ, आपले म्हणणे मी खोडून काढू इच्छित नाही, कारण ते खरे आहे. मात्र एक भेद लक्षात घ्यावा. टिलच्या ज्यूरीला खुनाचा कायदा अन्यायाचा वाटत नव्हता. मेलेला मुलगा त्या कायद्याच्या संरक्षणाला पात्र नाही, असे तिला वाटत होते. तिथली ज्यूरी ज्यांतून निवडली गेली, त्या यादीतून कृष्णवर्णीय आणि स्त्रिया आधीच वगळल्या गेल्या होत्या. हा रोग ज्यूरीच्या शक्तीचा आहे त्याहून अधिक तिच्या निवडीचा आहे. त्याच शक्तीने दुसऱ्या काळी काय केले तेही पाहा. १८५० च्या कायद्याने, पळून आलेल्या गुलामाला पकडून मालकाकडे पाठवण्यात अडथळा आणणे हा गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये शॅड्रॅक मिन्किन्स या पळून आलेल्या गुलामाला लोकांनी न्यायालयाच्या खोलीतून उचलून मोकळे केले आणि तो कॅनडात पोहोचला. सोडवणाऱ्यांवर खटले झाले, पण एकालाही दोषी ठरवता आले नाही.

त्याहून शांत उदाहरण अठराव्या शतकातल्या इंग्लंडचे आहे. राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा अधिक किमतीची चोरी केली, तर फाशीची शिक्षा होती. ज्यूरी चोरी मान्य करत, पण मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवत. पुष्कळदा माल उघडउघड कितीतरी अधिक किमतीचा असे आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला ते कळत असे. ज्यूरी खोटे बोलत होती, याविषयी वाद नाही. त्या खोट्यामुळे कित्येक मोलकरणी आणि पोरे फासावरून वाचली, याविषयीही नाही. मला स्वतःला या शक्तीचे हे रूप सर्वांत जवळचे वाटते.

पैलतीर

सर्वांचे मनापासून आभार. आईला चौकट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. टॉवेलची गोष्ट तिला अजून आठवते.

एक शंका मात्र राहिली आहे. न्यायाधीशांचा तो प्रश्न शपथेवर होता. मी होकार दिला, आणि मग खोलीत बसल्यावर मला कायदा अन्यायाचा वाटला असता, तर मी काय करणे योग्य ठरले असते? आणि ज्यूरीला ही शक्ती आहे हे न्यायालयात कोणी सांगत का नाही?

दप्तरदार

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये स्पार्फ खटल्यात ठरवले की कायदा काय आहे हे न्यायाधीशाने सांगायचे आणि ज्यूरीने तो मानायचा. तो न मानण्याची मुभा आहे असे ज्यूरीला सांगण्याचे बंधन न्यायाधीशावर नाही. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयापुढे, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ डाऊ केमिकल कंपनीच्या कार्यालयात घुसून नासधूस करणाऱ्यांचे प्रकरण आले. न्यायमूर्ती लेव्हेंथल यांनी ही शक्ती आहे हे मान्य केले, पण ती ज्यूरीला मोठ्याने सांगितली तर अपवादाचा नियम होईल, असे म्हटले. न्यायमूर्ती बॅझलॉन यांनी भिन्न मत नोंदवले: जी गोष्ट अस्तित्वात आहे ती लपवणे न्यायसंस्थेला शोभत नाही. मला बॅझलॉन यांचे म्हणणे अधिक सरळ वाटते, जरी न्यायालये लेव्हेंथल यांच्याच मागे गेली.

इंग्लंडमध्ये निराळा तोल साधला आहे. १९८५ मध्ये क्लाइव्ह पॉन्टिंग या सरकारी अधिकाऱ्याने, ‘बेलग्रानो’ ही आर्जेंटिनाची युद्धनौका बुडवल्याबद्दलची कागदपत्रे एका खासदाराला दिली म्हणून त्याच्यावर खटला झाला. राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार जे म्हणेल तेच, असे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले होते. ज्यूरीने त्याला सोडले. २००५ मध्ये लॉर्ड सभेच्या न्यायपीठाने स्पष्ट केले की पुरावा कितीही भक्कम असो, ज्यूरीला ‘दोषी’ असा कौल देण्याचा आदेश न्यायाधीश कधीही देऊ शकत नाही. २०२३ मध्ये लंडनच्या एका न्यायालयाबाहेर ट्रुडी वॉर्नर या निवृत्त समाजसेविका, ज्युररांना सदसद्विवेकाप्रमाणे निर्दोष ठरवण्याचा हक्क आहे, असा फलक धरून उभ्या राहिल्या. त्यांच्यावर अवमानाची कारवाई करण्याची परवानगी सरकारने मागितली. उच्च न्यायालयाने ती २०२४ मध्ये नाकारली. तुमच्या बाजूलाही, न्यूयॉर्कमधील फेडरल न्यायालयाबाहेर पत्रके वाटणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकावरील आरोप न्यायाधीश किंबा वुड यांनी २०१२ मध्ये रद्द केला. म्हणजे न्यायालयाच्या दाराबाहेर, कोणत्याही एका खटल्याकडे बोट न दाखवता जे सांगता येते, ते दाराच्या आत वकिलाला सहसा सांगू दिले जात नाही.

आता शपथ. येथे मी मोकळेपणाने सावध करतो. कौलाबद्दल शिक्षा होत नाही, पण निवडीच्या वेळी खोटे उत्तर दिले किंवा मुद्दाम लपवाछपवी केली, तर होऊ शकते. कोलोरॅडोत १९९० च्या दशकात अमली पदार्थांच्याच खटल्यातील एका महिला ज्युररला, आपली मते निवडीच्या वेळी सांगितली नाहीत म्हणून अवमानाबद्दल दोषी ठरवण्यात आले. अपिलात ते रद्द झाले, पण मधली काही वर्षे तिने न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. शिवाय १९९७ च्या एका अपील निर्णयानुसार, ज्युरर मुद्दाम कायदा डावलतो आहे हे निःसंशय दिसले, तर त्याला चालू विचारविनिमयातून काढताही येते. पुराव्याबद्दलच शंका असण्याची थोडीही शक्यता असेल, तर मात्र त्याला हात लावता येत नाही.

तुम्ही होकार दिलात तेव्हा तुमचा तसा कोणताही बेत नव्हता. म्हणजे तुमचे उत्तर खरे होते. पुरावा ऐकल्यानंतर मन बदलले असते, तर ते तुम्ही खोलीतल्या अकरा जणांपुढे मांडायचे होते, आणि ते पटले नसते तरी आपल्या मतावर ठाम राहायचे होते. एकट्याच्या नकाराने आरोपी सुटत नाही. ज्यूरीचे एकमत होत नाही, एवढेच घडते, आणि सरकारला पुन्हा खटला भरता येतो; सुटकेलाही बाराही जणांचे मत लागते. तुमच्या शेजारच्या बाईंना आपले मन आधीच माहीत होते, म्हणून त्यांनी शपथेवर तेच सांगितले आणि त्या घरी गेल्या. पुन्हा बोलावणे आले, तर न्यायाधीशांना एवढे जरूर विचारा की ‘कायदा पटला नाही तर’ याचा अर्थ आपण काय घेता. ज्युररने तसा प्रश्न विचारण्यात कोणतीही आडकाठी नसते.